पडद्यावर महिषासुर रंगवून राहिलो, त्याचा चेहरा कसा असावा?

रंगारी_महाल | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या महाल भागात राहतो. दुकानांच्या पाट्या, ट्रकवरची अक्षरं, शाळांच्या भिंती, यातच वीस वर्षं गेली. फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम जवळपास संपलं. पण आमच्याकडचं एक मंडळ नवरात्रात मूर्तीमागे लावायला अजून हातानं रंगवलेलाच पडदा घेतं. यंदाचा विषय देवी आणि महिषासुराचं युद्ध. पडदा बारा फूट बाय आठ फूट. मांजरपाटाला चिंचोक्याची खळ दिली आहे, वरून ॲक्रिलिक.

घटस्थापनेला अकरा दिवस उरलेत. काल कार्यकर्ते पाहायला आले. म्हणाले, "भाऊ, असुर एक नंबर झाला, पण तोच दिसून राहिला. देवीकडे लक्षच जात नाही. याला अजून काळा करा, सुळे काढा, डोळे लाल करा. पाहणाऱ्याला चीड आली पाहिजे."

असुरासाठी माझा मामेभाऊ उभा राहिला होता. तो कॉटन मार्केटात पोती उचलतो. उघड्या अंगानं, एक गुडघा टेकून, हातात लाकडी दांडका धरून दीड तास बसला. मानेखाली पोत्यानं पडलेला घट्टा आहे, तोसुद्धा मी काढला. आता त्याच चेहऱ्यावर सुळे काढायला हात धजत नाही.

मंडळाचं ऐकू की नको? चांगल्या-वाइटाचं युद्ध काढताना वाइटाचा चेहरा कसा असावा? चित्रांतलं कळणाऱ्यांनी सांगा.

सावजी_रस्सा | सोमवार, रात्री १०:५२

मामेभावाला आधी पोटभर सावजी खाऊ घाला भाऊ. डोळे आपोआप लाल होतील, रंगाचा खर्च वाचेल. :)

बाकी विषय जबरदस्त. वाचून राहिलो.

प्रशांत_मानेवाडा | सोमवार, रात्री ११:१५

मला मंडळाचं म्हणणं पटतं. मंडपात चित्रकलेचे जाणकार कमी आणि लहान पोट्टे, म्हाताऱ्या बाया जास्त येतात. देवी कोण, असुर कोण, हे लांबून दिसलं पाहिजे. वाइटाला देखणं केलं की लोक त्याच्या बाजूचा विचार करू लागतात. इथे कीव करायचीच नाही. बाईवर, दुबळ्यावर जबरदस्ती करणारा तो. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला या चित्रातून कळलं पाहिजे की असल्या माणसाला देवी सोडत नाही.

निळाई | सोमवार, रात्री ११:४८

प्रशांतदादा, तुमच्या मुलीसारखीच माझी भाची. ती सावळी आहे. गेल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात तिला राक्षसीण केलं आणि का, ते तिला त्याच वयात कळलं. "याला अजून काळा करा" हे वाक्य वाचून मला राहवलं नाही.

आपला विठोबा काळा, राम सावळा, कृष्णाचं तर नावच काळा. काली देवी काळी. मग वाइटाला काळा रंग फासायची सवय आपल्याला कुठून लागली? रंगारीभाऊ, बाकी काहीही करा, एवढं करू नका.

आजोबा_धंतोली | मंगळवार, सकाळी ६:२०

निळाईताईंना अनुमोदन, आणि एक आठवण. माझे वडील बंगाल नागपूर रेल्वेत होते. त्या रेल्वेमुळे नागपुरात पुष्कळ बंगाली कुटुंबं आली आणि त्यांच्याबरोबर दुर्गापूजाही. लहानपणी मी धंतोलीत त्यांच्या मूर्ती पाहायला जायचो. त्यांच्या जुन्या वळणाच्या मूर्तीत असुर हिरवा असतो, चक्क पोपटी हिरवा. कुरळे केस, पिळदार दंड. घाण वाटावा असा नसतोच तो. त्याच्या छातीत त्रिशूळ रुतलेला असतो आणि तो मान वर करून देवीकडे पाहत असतो. मी देवीपेक्षा जास्त वेळ त्यालाच पाहायचो. म्हणून काही देवीवरची भक्ती कमी झाली नाही.

कोराकागद | मंगळवार, सकाळी ९:०५

मी कलाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

महाबलीपुरमला सातव्या शतकातलं पल्लवांचं महिषासुरमर्दिनीचं शिल्प आहे. शिल्प आहे, चित्र नव्हे, पण मांडणी शिकायची तर तिथूनच शिकावी. अष्टभुजा देवी सिंहावर बसून धनुष्य ताणते आहे. समोर महिषासुर: अंग माणसाचं, डोकं रेड्याचं, दोन्ही हातांत गदा. देवीच्या डोक्यावर छत्र आहे तसंच त्याच्याही डोक्यावर आहे! म्हणजे तो राजा आहे, हे शिल्पकारानं मान्य केलं आहे. तो मागे कलला आहे, पण पळालेला नाही. अजून काहीच संपलेलं नाही आणि तरीही निकाल दिसतो. कारण देवीकडची सगळी अंगं पुढे झुकलेली आहेत आणि त्याच्याकडची सगळी मागे. चेहऱ्यावर सुळे काढून जे साधणार नाही ते या झुकण्यानं साधलं आहे.

वेरुळच्या कैलास लेण्यातला रावण आठवा. खालून वीस हातांनी पर्वत हलवतो आहे, पाहूनच दम लागावा असा. वर शंकर नुसता पायाच्या अंगठ्यानं दाबतो. खालचा एवढा ताकदवान नसता तर त्या अंगठ्याला काय किंमत राहिली असती?

मुद्दा एवढाच की शत्रूला कमी करून नायक मोठा होत नाही.

प्रशांत_मानेवाडा | मंगळवार, सकाळी ९:४०

सर, शिल्पाचं पटलं. पण ती राजाश्रयातली कामं. आपल्याकडच्या लोकांच्या चित्रांत राक्षसाला सुळे, मिशा, बटबटीत डोळे असतातच की.

कुडाळचा_बाबू | मंगळवार, दुपारी १:१०

लोकांच्या चित्रांचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथले ठाकर समाजाचे लोक चित्रकथी करतात. रामायण-महाभारताची चित्रं कागदावर काढलेली, एकेका आख्यानाची चित्रं एकत्र ठेवायची, तिला पोथी म्हणतात. एक जण चित्र समोर धरून गोष्ट सांगतो, सोबत वीणा, टाळ, हुडूक. युद्धाच्या चित्रात दोन रथ समोरासमोर येतात आणि मधल्या मोकळ्या जागेत बाणांची दाटी. राक्षसाला दात असतात हे खरं. पण डोळे दोघांचे सारखेच मोठे. रंगही तेच, माती-पानांच्या जातीचे. राम कोण आणि रावण कोण ते सांगणारा आपल्या आवाजानं सांगतो. तुमच्या पडद्यापुढे गोष्ट सांगणारा कोणी नसणार, हा मोठा फरक आहे रंगारीभाऊ. सगळं चित्रालाच बोलायचं आहे.

अनुजा_ड | मंगळवार, दुपारी ३:३०

कुडाळचा_बाबू, छान लिहिलंत.

मी लघुचित्रांवर थोडा अभ्यास केला आहे. मेवाडच्या राणा जगतसिंहांच्या रामायणातलं युद्धकांड १६५२ मध्ये साहिबदीन या मुसलमान चित्रकारानं रंगवलं. त्या रामायणाचा मोठा भाग लंडनमध्ये आहे, काही पानं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. साहिबदीन एकाच पानात एकच पात्र चार-पाच वेळा काढतो. इथे रथावर चढला, तिथे बाण सोडला, खाली पडला. डोळा पानावर फिरत राहतो आणि युद्ध घडत राहतं. पडदा बारा फुटांचा असेल तर ही युक्ती वापरता येईल.

आणि गुलेरच्या (आताच्या हिमाचलातल्या) मानकू या चित्रकाराची लंकेच्या वेढ्याची चित्रमाला, साधारण १७२५ ची. त्यातलं एक पान माझं फार लाडकं आहे. रावणाचे हेर रामाच्या छावणीत पकडले जातात, वानर त्यांना बडवतात आणि राम त्यांना सोडून देतो. मोठं युद्ध अजून व्हायचं आहे आणि चित्रकार मात्र रंगला आहे मार खाऊन केविलवाण्या झालेल्या राक्षसांत. राम चांगला आहे, हे मला युद्धाच्या चित्रांपेक्षा त्या पानात जास्त दिसतं.

बोधीछाया | मंगळवार, रात्री ८:१५

या धाग्यावर लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. नागपुरात दसऱ्याला दोन गर्दी असतात. एक रावणदहनाला जाते, दुसरी दीक्षाभूमीकडे. १४ ऑक्टोबर १९५६ ला विजयादशमीच होती. माझी आजी त्या दिवशी तिथे होती, कडेवर माझी आत्या. त्यामुळे आमच्या घरी चांगल्या-वाइटाच्या युद्धाचं चित्र म्हटलं की वेगळंच चित्र डोळ्यांपुढे येतं.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, गाभाऱ्याच्या अंतराळाच्या भिंतीवर मारविजय रंगवला आहे, म्हणजे ध्यान मोडायला आलेल्या माराला बुद्धांनी हरवलं तो प्रसंग. चहूबाजूंनी माराची फौज: वेडीवाकडी तोंडं, शस्त्रं, आरडाओरडा, शिवाय मोहात पाडायला आलेल्या माराच्या मुली. मधोमध बुद्ध बसले आहेत. हातात काही नाही. उजव्या हाताची बोटं फक्त जमिनीला टेकलेली, भूमीला साक्षीला बोलावलं म्हणून. सगळी हालचाल शत्रूकडे आणि सगळी ताकद स्थिर बसलेल्याकडे! सव्विसाव्या लेण्यात हाच प्रसंग दगडात आहे, तिथे मार हत्तीवरून येतो.

प्रशांतदादा, तिथे राक्षसांना सुळे आहेत हो. तुमचं तेवढं खरं. पण पाहून झाल्यावर लक्षात राहतात ती बोटं.

प्रशांत_मानेवाडा | मंगळवार, रात्री ८:४०

ताई, बरं केलं लिहिलंत. हे चित्र पाहायला मुलीला घेऊन जाईन.

कोरची_ते_नागपूर | मंगळवार, रात्री ९:५५

आम्ही गडचिरोलीकडचे, गोंड. आमच्यात रावणाला पूर्वज मानणारी घरं आहेत. दसऱ्याला त्याला जाळू नका अशी निवेदनंही आमचे लोक देतात. मी शिकायला नागपूरला आलो तेव्हा पहिल्यांदा कस्तुरचंद पार्कचं दहन पाहिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी टाळ्या वाजवू शकलो नाही आणि का, ते बाजूच्या मित्राला सांगूही शकलो नाही.

कोणाच्या श्रद्धेला बोल लावायचा नाही मला. रंगारीभाऊ विचारतात चेहरा कसा असावा, तर एवढंच म्हणतो की ज्याला तुम्ही असुर म्हणता त्याला कोणीतरी आजा म्हणत असेल, हे ध्यानात ठेवून काढा. तुमचा हात सुळ्यांपाशी थांबला, तो बरोबर जागी थांबला.

सावजी_रस्सा | मंगळवार, रात्री १०:१०

कोरचीभाऊ, मनापासून लिहिलंस. भेट एकदा, चहा घेऊ.

थोडं अवांतर: आपल्या नागपूरच्या मारबतीच्या पुतळ्यांचं काय म्हणावं? काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघींना गावभर फिरवायचं, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणायचं आणि शेवटी दोघींनाही जाळायचं. काळी वाईट आणि पिवळी चांगली म्हणतात, पण आग दोघींनाही. माझ्या आजीला विचारलं, पिवळीला काहून जाळतात? ती म्हणाली, घरचं दुखणं घेऊन जायला चांगलं माणूसच लागते.

निळाई | मंगळवार, रात्री १०:३०

आजींना नमस्कार सांगा.

परदेशातून_पण_रामदासपेठेचा | बुधवार, पहाटे ३:१५

उशिरा आलो. माद्रिदला प्राडो संग्रहालयात गोयाचं १८१४ चं चित्र आहे, फ्रेंच सैनिक स्पेनच्या माणसांना गोळ्या घालतात ते. मरणारा माणूस पांढऱ्या सदऱ्यात, हात पसरलेले, सगळा कंदिलाचा उजेड त्याच्यावर. मारणाऱ्यांचा एकही चेहरा दिसत नाही. नुसत्या पाठी, टोप्या, बंदुका, सगळ्या एका ओळीत. वाइटाला चेहराच न देणं हाही एक मार्ग आहे.

आणि लंडनला उचेल्लोचं संत जॉर्ज आणि ड्रॅगनचं चित्र आहे, त्यात तर राजकन्येनं ड्रॅगनला पट्ट्याला धरलं आहे, घरच्या कुत्र्यासारखं. मी पाऊण तास उभा होतो, नक्की कोण कोणाला वाचवतंय ते कळेना.

अनुजा_ड | बुधवार, सकाळी १०:००

गोयाचं उदाहरण चपखल आहे, पण महिषासुराला ते चालणार नाही. तिथे मारणारी माणसं म्हणजे हुकमाची यंत्रणा होती, म्हणून चेहरा नाही. इथे तर गोष्टच चेहऱ्याची आहे. दुर्गासप्तशतीच्या तिसऱ्या अध्यायात महिषासुर रूपं बदलतो. रेड्याचा सिंह होतो, मग तलवार घेतलेला पुरुष, मग हत्ती, पुन्हा रेडा. शेवटी देवी त्याच्यावर पाय देते आणि रेड्याच्या तोंडातून तो अर्धाच बाहेर आलेला असताना त्याचं डोकं उडवते. अर्धा बाहेर, अर्धा आत. त्याचा खरा चेहरा पहिल्यांदा दिसतो तोच शेवटचा क्षण. चित्रकारांनी हा क्षण उगाच नाही उचलला.

कोराकागद | बुधवार, सकाळी १०:२५

अनुजाताई, उत्तम. त्यात रविवर्म्याचा जटायुवध घाला. रावणाला दहा डोकी नाहीत, एकच, आणि तोही देखणा. जटायूचा पंख तुटला आहे, सीतेनं तोंड झाकून घेतलं आहे. त्या क्षणाला वाईटच जिंकतं आहे. रविवर्म्याच्या छापखान्यातून १८९४ नंतर अशी छापील चित्रं घरोघरी गेली, आमच्या आजोळी देवघराशेजारी हेच लावलेलं होतं. रावण देखणा म्हणून त्याची बाजू घेतलेलं घरात कोणी मला आठवत नाही.

विदिशा_रामटेक | बुधवार, दुपारी १२:४०

रामटेकच्या गडावर केवल नृसिंहाचं मंदिर आहे, वाकाटकांच्या काळचं, पाचव्या शतकातलं. नृसिंह एकटा बसला आहे, हातात चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, फाडलेलं पोट नाही. लहानपणी मला वाटायचं की युद्ध संपवून दमून बसला असेल.

असो. मला दुसरंच विचारायचं आहे. रंगारीभाऊ, असुरासाठी मामेभाऊ दीड तास बसला. देवीसाठी कोण बसलं?

रंगारी_महाल | बुधवार, दुपारी १:०५

देवीसाठी कोणी बसलं नाही. तिचा चेहरा कॅलेंडरवरून घेतला. हातही तिथूनच. देवीसाठी बसता का, असं कोणाला कसं विचारायचं?

विदिशा_रामटेक | बुधवार, दुपारी १:२०

मग मंडळाचं दुखणं असुरात नाहीच भाऊ. एक माणूस तुम्ही जिवंत पाहून काढलात, घट्ट्यासकट. दुसरी व्यक्ती छापील चित्रावरून उचललीत. मंडळाच्या लोकांना तो फरक दिसला, सांगताना मात्र त्यांनी असुराला काळा करा म्हटलं. त्याला कितीही काळा केला तरी देवी कॅलेंडरवरचीच राहील.

कोराकागद | बुधवार, दुपारी १:३५

विदिशा, चाळीस वर्षं शिकवलं, पण हे माझ्याही ध्यानात आलं नाही. शाबास बेटा.

रंगारीभाऊ, एक कामाची गोष्ट. मंडपात पिवळा उजेड असेल तर निळा-जांभळा रंग काळा पडतो. शेवटचे हात रात्री त्याच दिव्याखाली द्या.

बोधीछाया | बुधवार, दुपारी २:००

@विदिशा_रामटेक +१. अगदी खरं.

रंगारी_महाल | शनिवार, रात्री ११:३०

मंडळी, तीन दिवस इकडे आलो नाही, कामात होतो.

विदिशाताईंचं वाचून त्या दिवशी ब्रश ठेवून दिला. संध्याकाळी घरी आलो तर बायको मोरीत चादर पिळत होती. डबल बेडची, ओली, जड. एक टोक नळाला गुंडाळलेलं, दुसरं दोन्ही हातांत. पाय फाकवून घट्ट रोवलेले, पदर खोचलेला. मनगटाच्या शिरा वर आलेल्या, कोपरापर्यंत सगळं ताठ. आणि चेहरा? चेहऱ्यावर राग नाही, कपाळाला आठी नाही. ओठ नुसते मिटलेले, नजर पिळाच्या जागी. मी तिथेच उभा राहिलो. ती म्हणाली, काय पाहून राहिले, दुसरं टोक धरा की. धरलं. मग तिला म्हटलं, पुन्हा एकदा पीळ. लेकाच्या वहीच्या मागच्या पानावर काढून घेतलं.

देवीचे आठही हात पांढरे मारून पुसले आणि नव्यानं काढले. त्रिशूळ धरलेलं मनगट बायकोचं आहे, दोन काचेच्या बांगड्यांसकट. अंगाचा रंग कॅलेंडरचा गुलाबी होता, तो काढला. गेरू, पिवळा आणि थोडा पांढरा मिसळून आमच्या घरचा गहूवर्ण केला. असुराचा रंगही त्याच डब्यातला, फक्त त्याच्यावर सावली पडली आहे, देवीच्या अंगाची. कोराकागद सरांनी सांगितल्याप्रमाणे तिला पुढे झुकवली आणि त्याला मागे. तो रेड्याच्या तोंडातून कमरेपर्यंत बाहेर आला आहे. सुळे काढले नाहीत. मानेचा घट्टा ठेवला. कोरचीभाऊ, तुमचं वाक्य डोक्यात होतं.

डोळे आज केले. आमच्या चितारओळीत मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात, मीही तेच केलं. रात्री, पिवळा दिवा लावून. आधी त्याचे, मग तिचे.

मंडळाचे लोक मघाशी येऊन गेले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यातला एक पोट्टा म्हणाला, "भाऊ, देवीले ओळखल्यासारखं वाटते." काळं करायचं कोणी काढलं नाही.

प्रशांत_मानेवाडा | शनिवार, रात्री ११:५०

भाऊ, मुलीला घेऊन येतो पाहायला. मंडपाचा पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या.

निळाई | शनिवार, रात्री ११:५८

वहिनींनी पाहिलं का?

रंगारी_महाल | रविवार, सकाळी ७:१०

काल रात्रीच दाखवलं. सगळं पाहिलं आणि म्हणाली, बांगड्या हिरव्या हव्या होत्या, माझ्या हिरव्या आहेत. आज हिरव्या करतो. मामेभाऊ दुपारी येतो आहे, पडदा बांबूला बांधायला तोच लागेल. फोटो संध्याकाळी टाकतो.